तक्रार आपल्याच घरात करतात

एक देश आहे. राष्ट्रगीत एक, चालही एक. पण शब्द दोन भाषांत आहेत आणि ते एकमेकांचं भाषांतर नाहीत. फ्रेंचमधून गाणारा तलवार आणि क्रूस पेलणाऱ्या पूर्वजांचा वारसा सांगतो. इंग्रजीतून गाणारा उत्तरेकडच्या मोकळ्या, बलवान भूमीवर पहारा ठेवायचं वचन देतो. पुष्कळ समारंभांत अर्धं गीत एका भाषेत आणि अर्धं दुसऱ्या भाषेत म्हणतात. शेजारीशेजारी उभी असलेली दोन माणसं एकाच सुरात दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि तरी गाणं मोडत नाही.

हा देश म्हणजे कॅनडा. आज आपल्या प्रत्येकाच्या ओळखीतलं कुणी ना कुणी टोरांटोला नाहीतर ब्रॅम्प्टनला आहे. नागरिकत्वाच्या समारंभात हे गीत त्यांनीही म्हटलं असेल. पण आजचा विषय तिकडे गेलेल्या मराठी माणसांचा नाही. देशाची ओळख कवितेत कशी उमटते, ‘हे माझं आहे’ असं म्हणायला कविता कशी शिकवते, हा विषय आहे. शाळेत एका राज्याचं गीत आणि घरच्या कार्यक्रमात दुसऱ्या राज्याचं गीत म्हणत वाढलेल्या पोरांना या विषयाची वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही.

कॅनडाची गोष्ट सांगायची ती एवढ्यासाठी, की तिथल्या ज्या कविता देशाची ओळख म्हणून टिकल्या त्यातल्या बऱ्याच कौतुकाच्या नाहीत. त्या भांडणाच्या आहेत.

राष्ट्रगीतापासूनच सुरुवात करू. ‘ओ कॅनडा’ मुळात फ्रेंच. २४ जून १८८० रोजी क्यूबेक शहरात, फ्रेंच कॅनडियन लोकांच्या सां-जाँ-बातीस्त सणाच्या दिवशी, ते पहिल्यांदा लोकांसमोर आलं. शब्द न्यायाधीश आदोल्फ-बाझील रूतिए यांचे, संगीत कालिक्सा लावाले यांचं. इंग्रजी भाषक तेव्हा ब्रिटिश राणीचं गीत म्हणत होते. आज म्हणतात ते इंग्रजी शब्द रॉबर्ट स्टॅन्ली वीअर यांनी १९०८ मध्ये लिहिले, आणि अधिकृत राष्ट्रगीत व्हायला १ जुलै १९८० उजाडावा लागला. त्याच्या सहाच आठवडे आधी, २० मे १९८० ला, क्यूबेकनं वेगळं होण्याच्या वाटेनं जावं का यावर सार्वमत झालं होतं. जवळपास ६० टक्के लोकांनी ‘नको’ म्हटलं. म्हणजे एका भाषकगटानं आपल्या सणासाठी रचलेलं गाणं शंभर वर्षांनी सगळ्या देशाचं झालं. आणि तेही कधी, तर तो भाषकगट देशात राहणार की नाही हाच प्रश्न ऐरणीवर असताना.

पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. इंग्रजी गीतात देशप्रेमाचा उल्लेख करताना फक्त ‘पुत्रांचं’ नाव होतं, मुली नव्हत्या. तो शब्द काढून ‘आपण सगळे’ अशा अर्थाचे शब्द घालावेत यासाठी विधेयक आणलं ओटावाचे खासदार मोरिल बेलांजे यांनी. बेलांजे ओंटारिओतले फ्रेंच भाषक. एएलएस या आजारानं त्यांची वाचा गेली होती. संसदेत टॅबलेटमधला आवाज त्यांच्या वतीनं बोलायचा. जून २०१६ मध्ये कनिष्ठ सभागृहानं विधेयक मंजूर केलं, ऑगस्टमध्ये ते गेले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये कायदा झाला. इंग्रजी गीतातली चूक एका फ्रेंच माणसानं दुरुस्त केली. गाणं आपलं वाटल्याशिवाय त्यातला शब्द बदलायला कोण जीव टाकेल?

आता दुसरी कविता. पहिल्या महायुद्धात मे १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर जॉन मॅक्रे या कॅनडियन लष्करी डॉक्टरनं आपल्या मित्राच्या मृत्यूनंतर ‘इन फ्लँडर्स फील्ड्स’ लिहिली. त्या डिसेंबरमध्ये ती लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात छापून आली. युद्धात पडलेले जवान कवितेत स्वतः बोलतात. दरवर्षी ११ नोव्हेंबरला छातीवर लाल पॉपीचं फूल लावायची पद्धत रुजली ती याच कवितेमुळे. २००१ साली निघालेल्या दहा डॉलरच्या नोटेवर तिच्या ओळी इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत होत्या. खिशात बाळगलेली कविता म्हणा ना.

पण ही कविता छापून आली त्याच्या दुसऱ्याच महिन्यात, जानेवारी १९१६ मध्ये, कॅनडाची राजधानी ओटावामध्ये काय चाललं होतं? ओंटारिओ प्रांतानं १९१२ मध्ये ‘नियम १७’ नावाचा फतवा काढून शाळेत फ्रेंच माध्यम पहिल्या दोन वर्षांपुरतं ठेवलं होतं. पुढे सगळं इंग्रजीत. ओटावातल्या गीग शाळेत देलोज आडनावाच्या दोन बहिणी हा नियम धुडकावून फ्रेंचमधून शिकवत राहिल्या. त्यांना अटक होऊ नये, शाळा हातची जाऊ नये म्हणून मुलांच्या आया दाराशी पहाऱ्याला बसल्या. हातात काय? टोपीला लावायच्या लांब पिना, लाटणी, तवे. पोलीस आले आणि त्या आयांनी त्यांना पळवून लावलं. इतिहासात ही ‘टोपीपिनांची लढाई’ म्हणून ओळखली जाते.

आता हे दोन्ही एकत्र ठेवून बघा. मॅक्रेंच्या कवितेचा शेवट जिवंत असणाऱ्यांना लढा पुढे न्यायला सांगतो. १९१७ मध्ये ती कविता युद्धाचे रोखे विकायला आणि भरतीच्या प्रचाराला वापरली गेली. त्याच वर्षी सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा आला. फ्रेंच कॅनडियन लोकांचा त्याला कडवा विरोध होता. पत्रकार आणि नेते आँरी बुरासा यांच्यासारखे लोक विचारत होते, की आमच्या पोरांच्या शाळा ओंटारिओत बंद पाडताय आणि आम्ही युरोपात जाऊन कुणाच्या स्वातंत्र्यासाठी मरायचं? १९१८ च्या ईस्टरमध्ये क्यूबेक शहरात सैनिकांनी गोळीबार केला, त्यात निदान चार जण मेले. एकाच कवितेनं देशातल्या एका भागाला एकत्र आणलं आणि दुसऱ्या भागाला ‘हे हाक मारतायत ते आपल्याला आहे का?’ असा प्रश्न पाडला. ‘राष्ट्रीय’ कवितेबद्दल बोलताना हे विसरून चालत नाही. कविता तीच असते, पण शाळेचं दार उघडं आहे की बंद, यावर तिचा अर्थ बदलतो.

तिसरी कविता तर शिवीतून जन्मली. फ्रेंच कॅनडियन माणूस दुकानात, कारखान्यात, चारचौघांत फ्रेंच बोलला की त्याला ऐकवलं जायचं, ‘स्पीक व्हाइट’. म्हणजे गोऱ्या माणसासारखं बोल, इंग्रजीत बोल. क्यूबेकमध्ये फ्रेंच लोक बहुसंख्य, पण कारखान्याचा मालक इंग्रजी, मोठा साहेब इंग्रजी, पगारपत्रक इंग्रजी. मिशेल लालोंद या कवयित्रीनं १९६८ मध्ये हीच शिवी कवितेचं नाव म्हणून उचलली. कविता फ्रेंचमध्ये, पण मधूनमधून साहेबाची इंग्रजी वाक्यं येतात, आणि दर वेळी तो ‘स्पीक व्हाइट’चा टोमणा उलटून साहेबाच्याच तोंडावर बसतो. २७ मार्च १९७० च्या रात्री मॉन्ट्रियलमध्ये कवितांची मोठी मैफल झाली. लालोंद यांनी तिथे ही कविता वाचली, त्याचं चित्रीकरणही झालं. ते चित्रीकरण तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वातावरण चिघळलं. एका हिंसक गटानं एका ब्रिटिश अधिकाऱ्याचं आणि क्यूबेकच्या एका मंत्र्याचं अपहरण केलं. मंत्र्याचा खून झाला. त्या हिंसेचं समर्थन कुणीच करू नये. सरकारनं युद्धकाळातला कायदा लावला आणि जवळपास ५०० लोकांना उचललं. बहुतेकांवर पुढे साधा आरोपही ठेवता आला नाही. या लोकांत कवी गास्तों मिरों होते, गायिका पोलिन जुलियन होत्या आणि कवी-पत्रकार जेराल्द गोदँ होते.

या गोदँ यांचा पुढचा प्रवास लक्षात ठेवण्यासारखा आहे. मॉन्ट्रियलच्या कामगारवस्तीतली जी फ्रेंच ‘ज्वाल’ म्हणून हिणवली जायची, तिच्यात ते कविता लिहायचे. पॅरिसला ती अशुद्ध वाटायची, शहरातल्या शिकलेल्यांना तिची लाज वाटायची. (बेळगावची मराठी ऐकून, वाक्याच्या शेवटी ‘की’ आलं म्हणून पुण्यातलं कुणी हसलं असेल तर तुम्हाला हे कळेल.) सहा वर्षांपूर्वी तुरुंगात गेलेला हा कवी १९७६ च्या निवडणुकीत उभा राहिला आणि त्यानं क्यूबेकच्या सत्तेवरच्या प्रीमियरना, म्हणजे तिथल्या मुख्यमंत्र्यांना, त्यांच्याच मतदारसंघात हरवलं. पुढे तो मंत्री झाला. खातं कुठलं? बाहेरून आलेल्या लोकांचं, स्थलांतरितांचं. आज मॉन्ट्रियलच्या माँ-रॉयाल मेट्रो स्टेशनजवळच्या चौकाला गोदँ यांचं नाव आहे आणि शेजारच्या भिंतीवर त्यांची एक कविता मोठ्या अक्षरांत रंगवलेली आहे. ती फ्रेंच लोकांच्या दुःखाची नाही. सकाळी मेट्रोनं कामाला निघालेल्या स्थलांतरितांची आहे, त्यांच्या घामावर हे शहर चालतं हे सांगणारी.

असं व्हायला हवं होतंच, कारण क्यूबेकला प्रश्न विचारला जात होता. १९७७ च्या ‘कायदा १०१’ नं फ्रेंचला कामाची, सरकारची, शाळेची भाषा केलं आणि बाहेरून आलेल्यांची मुलं फ्रेंच शाळेत बसू लागली. १९८९ मध्ये मार्को मिकोने या इटलीत जन्मलेल्या लेखकानं ‘स्पीक व्हाइट’ला उत्तर म्हणून कविता लिहिली, ‘स्पीक व्हॉट’. फ्रेंचमध्येच. त्याचं म्हणणं साधारण असं: तुम्ही ज्या अपमानातून गेलात तो आम्ही समजू शकतो, तुमची भाषाही आम्ही शिकलो, मग आता आमच्याशी कुठल्या भाषेत आणि कुठल्या सुरात बोलणार? हा प्रश्न तेव्हा क्यूबेकला झोंबला. पण बघा, तो प्रश्न विचारला तोही क्यूबेकच्याच कवितेच्या साच्यात. उत्तर द्यायला त्यानं घरातलीच वस्तू उचलली. याला म्हणतात आपलं होणं.

आता या सगळ्यात आपल्या सगळ्यात जवळची माणसं कोण, तर क्यूबेकच्या बाहेरचे फ्रेंच. ओंटारिओ, मॅनिटोबा, न्यू ब्रन्सविकमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारे. आजही ते दहा लाखांच्या आसपास आहेत. क्यूबेकचं राजकारण तापलं तसे तिथले लोक स्वतःला ‘फ्रेंच कॅनडियन’ऐवजी ‘केबेकुआ’ म्हणू लागले. म्हणजे ओळख भाषेवरून प्रांतावर गेली, आणि प्रांताबाहेर राहिलेले एका रात्रीत ना इथले ना तिथले झाले. क्यूबेकच्या काही नामवंतांनी तर त्यांना संपल्यात जमा धरलं. आता इंग्रजी शेजारी म्हणणार ‘तुम्ही क्यूबेकला जा’ आणि क्यूबेक म्हणणार ‘तुमचं काही खरं नाही’. हे वाक्य वाचताना तुमच्यातल्या कितीजणांच्या तोंडावर ओळखीचं हसू आलं असेल, ते आम्हाला ठाऊक आहे.

या लोकांनी काय केलं? १९७३ मध्ये उत्तर ओंटारिओतल्या सडबरी या खाणींच्या गावी एक प्रकाशनसंस्था काढली. नाव ‘प्रीज द पारोल’, म्हणजे बोलायला उभं राहणं. दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, त्याच गावातल्या विद्यापीठात हिरवा-पांढरा झेंडा फडकला, ओंटारिओतल्या फ्रेंच लोकांचा स्वतःचा. आणि १९८१ मध्ये टिमिन्स गावात जन्मलेल्या पात्रिस देबियें या कवीचं पुस्तक आलं, ‘अदृश्य माणूस’ या अर्थाच्या नावाचं. नाव दोन्ही भाषांत, मजकूरही दोन्ही भाषांत, समोरासमोर. गंमत अशी, की दोन्ही बाजू नीट ताडून बघितल्या तर त्या जुळत नाहीत. इंग्रजीत एक सांगितलंय, फ्रेंचमध्ये थोडं वेगळंच. दोन भाषांत जगणारा माणूस दोन्हीकडे पूर्ण मावत नाही, काहीतरी मधल्या घडीत पडून राहतं, हे त्यानं पुस्तकाच्या बांधणीतूनच दाखवलं. ज्यांच्याकडे प्रांत नाही त्यांना पुस्तकाच्या त्या घडीत एक पत्ता मिळाला. ‘आमच्यावर कुणीतरी लिहिलंय’ एवढ्यानंच माणूस पुन्हा दिसायला लागतो.

पण थांबा. इंग्रजी विरुद्ध फ्रेंच असं भांडण रंगलेलं असताना घराचे मूळ मालक कुठे होते? रीटा जो, १९३२ मध्ये जन्मलेल्या मिकमॉ जमातीच्या कवयित्री. लहानपणीच पोरक्या झाल्या आणि बाराव्या वर्षी नोव्हा स्कोशियातल्या शुबेनॅकडीच्या निवासी शाळेत गेल्या. अशा शाळांत दीड लाखाच्या आसपास आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवलं गेलं, मातृभाषा बोलल्याबद्दल मार दिला गेला. रीटा जो यांच्या सगळ्यात प्रसिद्ध कवितेच्या नावाचा अर्थ आहे ‘माझी बोली हरवली’. कविता अगदी लहान, शब्द अगदी साधे. शाळेनं माझी भाषा काढून घेतली, आता मी तुमच्यासारखी बोलते, असं ती सांगते. आणि शेवटी शिवी देत नाही, हात पुढे करते: माझी भाषा मला शोधू द्या, म्हणजे मी कोण आहे ते तुम्हाला सांगता येईल. आणि हे सगळं इंग्रजीत लिहिलेलं. ज्या भाषेनं तिची भाषा गिळली, तिच्यातच तिनं हिशेब मागितला. १९८९ मध्ये त्याच कॅनडानं तिला ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा मोठा सन्मान दिला. २००८ मध्ये देशाच्या पंतप्रधानांनी निवासी शाळांबद्दल संसदेत माफी मागितली. ती ऐकायला रीटा जो नव्हत्या. त्या २००७ मध्ये गेल्या.

लालोंद यांची कविता वाचताना ज्यांना वाटलं की सगळ्यात मोठा अन्याय आपल्यावर झाला, त्यांना रीटा जो यांची कविता वाचल्यावर जरा गप्प बसावं लागतं. फ्रेंचही त्या जमिनीवर बाहेरूनच आलेले होते.

मग या कवितांमधून कॅनडाची ओळख काय दिसते? बर्फ, मॅपलचं पान आणि हॉकी यावर तिथे ढीगभर कविता असतील. पण ज्या कवितांवर लोक वाद घालतात, ज्या भिंतीवर रंगवतात, ज्यातले शब्द संसदेत बदलतात, त्यांच्यात एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येकीत कुणीतरी विचारतंय, ‘या घरात माझी खोली कुठाय?’ आणि तक्रार माणूस आपल्याच घरात करतो. हॉटेलात सोय झाली नाही तर आपण दुसरं हॉटेल बघतो. जेवणात मीठ कमी पडलं म्हणून भांडतो ते घरी. ज्याला वाटतं की हे माझं नाहीच, तो कविता लिहीत नाही, सामान बांधतो. म्हणून भांडणाऱ्या कवीला ‘देशद्रोही’ म्हणणारे चुकतात. तो भांडतोय म्हणजे अजून घर सोडून गेलेला नाही.

कॅनडाला डोक्यावर घेऊन नाचायची गरज नाही. कवींना तुरुंगात टाकणारा, लेकरांची भाषा काढून घेणारा तोच देश. १९९५ च्या दुसऱ्या सार्वमतात तो एक टक्क्याच्या आसपासच्या फरकानं फुटता फुटता वाचला. पण त्यानं एक काम केलं. तक्रारीच्या कविता त्यानं जपल्या, मिरवल्या, आणि कधीकधी त्यांचं ऐकलंही.

आता आपल्याकडे वळू.

पहिली गोष्ट, कविता शाळेची जागा घेऊ शकत नाही. गीग शाळेच्या आयांनी पिना हातात घेतल्या नसत्या तर पासष्ट वर्षांनी देबियेंचं पुस्तक वाचायला कुणी उरलं नसतं. १९२७ मध्ये ‘नियम १७’ मागे हटला. १९८२ च्या हक्कांच्या सनदेत कलम २३ आलं आणि पुरेशी संख्या असेल तिथे अल्पसंख्य भाषकांना सरकारी खर्चानं आपल्या भाषेतल्या शाळेचा हक्क मिळाला. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या शाळांच्या कारभारातही पालकांचा वाटा मान्य केला. २०१६ मध्ये ओंटारिओच्या प्रीमियरनी ‘नियम १७’ बद्दल माफी मागितली. आपल्या राज्यघटनेतही कलम ३५०-अ आहे, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून. गावातली मराठी शाळा पटसंख्येअभावी बंद पडत असताना फक्त स्टेटसला मराठी ओळी टाकणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

दुसरी गोष्ट, आपल्या भाषेची लाज सोडा. आपल्या मराठीत कानडी मिसळलीय, कुठे दखनी, कुठे गुजराती, कुठे माळवी. ती मिसळ हाच आपला पत्ता आहे. पुस्तकी मराठीत लिहून आपण अदृश्य माणूसच राहणार. आजीच्या तोंडची मराठी कागदावर आली तर निदान कळेल, की इथे कुणीतरी राहतंय.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. जिथे आपण जास्त आहोत, त्या गल्लीत, त्या शाळेत, त्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आपण दुसऱ्याला काय ऐकवतो? ‘स्पीक व्हाइट’ ऐकलेल्यांना पुढे ‘स्पीक व्हॉट’ ऐकावं लागलं. बाहेरून कामाला आलेल्या पोराला, आपल्याच गावातल्या कानडी किंवा उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्याला आपण तोच टोमणा मारत असू, तर आपल्या तक्रारीतली अर्धी हवा तिथेच गेली. खोली मागायची तर शेजारची खोलीही मान्य करावी लागते.

जेराल्द गोदँ यांची कविता आज मेट्रोच्या बाहेर उभी आहे आणि रोज सकाळी कामाला जाणारी माणसं तिच्यासमोरून जातात. त्यातल्या कितीजणांची मातृभाषा फ्रेंच नाही. कवितेला त्याची अडचण नाही, ती त्यांच्याबद्दलच आहे.

तुमच्या गावच्या बसस्टँडच्या भिंतीवर कुणाची कविता असावी असं तुम्हाला वाटतं? ती अजून कुणी लिहिली नसेल, तर बसा लिहायला. तक्रार असली तरी चालेल. तक्रारच असली तर जास्त बरं.